डावीकडची पेटी

या, असे जवळ सरका बघू. सतरंजी मोठी आहे, पण गोष्ट हळू आवाजात सांगायची आहे. मोबाईल तेवढे खिशात जाऊ द्या. या गोष्टीत राजा नाही, राणी नाही. कीर्तन करणारी एक पोर आहे, पेटी वाजवणारा एक मुलगा आहे, आणि तांब्याभर पाणी आहे. ऐकताना डोळे भरून आले तर येऊ द्या. आपल्याच डोळ्यातलं पाणी डोळ्याला कधी बाधत नाही.

पोरीचं नाव रुपाली. भोईवाड्यातल्या चाळीत वाढलेली, घरी आई आणि ती, दोघीच. दिवसभर परळच्या विमा ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसायची आणि संध्याकाळी दादरला तात्यांकडे कीर्तन शिकायला जायची. आवाज असा, की पहिला सूर लागला की मागच्या रांगेतली पेंगणारी मंडळीही पाठ ताठ करून बसत. पण डोळ्यांना नंबर भारी. चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड! तिच्या पहिल्याच कीर्तनात हनुमंतानं समुद्र ओलांडायला उडी मारली, म्हणजे हिनंच मारली, आणि चष्मा उडून तबलजीच्या मांडीत जाऊन पडला. हनुमंत लंकेत, चष्मा किष्किंधेत. देऊळ पोट धरून हसलं.

"पोरी," तात्या नंतर म्हणाले, "कीर्तनकाराचे डोळे बोलतात. तुझे काचेमागं कोंडून बसलेत. काहीतरी कर बाई त्यांचं."

म्हणून रुपालीनं कॉन्टॅक्ट लेन्स घेतल्या. तात्यांचा शब्द तिला देवाच्या शब्दासारखा होता.

गिरगावात एक जुनी वाडी आहे. वाडीत राममंदिर, मंदिरामागं विहीर. तिथं दर गुरुवारी तात्यांच्या शिष्यांचं कीर्तन असायचं. चैत्रातल्या एका गुरुवारी रुपालीची पाळी आली, आणि नेमका पेटीवाला तापानं आडवा पडला. तात्या देवळाच्या पायरीवर डोक्याला हात लावून बसले होते. तेवढ्यात समोरून यतीन आला. वाडीतलाच, जुन्या प्रभू घराण्यातला मुलगा. खांद्याला लॅपटॉप, ऑफिसातून घरी निघालेला.

"यतीन! आजोबांची पेटी अजून वाजवतोस ना?"

"तात्या, मी आत्ता... अंघोळ नाही, काही नाही..."

"रामाला सांगतो मी. बूट काढ आणि बस."

असा तो बसला. कीर्तनकाराच्या डाव्या हाताला पेटी असते, तिथं. रुपालीनं वळून पाहिलं. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, त्यावर तात्यांनी बळेच टाकलेलं उपरणं.

"सूर कुठला देऊ?" त्यानं विचारलं.

"काळी चार. आणि मी धावले तर मागं यायचं हं, पुढं नाही."

"म्हणजे नेहमी तुमच्या मागं?"

"कीर्तनापुरतं," ती म्हणाली आणि झांज उचलली.

पूर्वरंग रंगला. मग मध्यंतराचा नामगजर सुरू झाला. रीत तुम्हाला ठाऊकच आहे. या वेळी कोणीतरी उठतं, कीर्तनकाराच्या कपाळी तो काळा सुगंधी बुक्का लावतं, गळ्यात हार घालतं आणि वाकून पाया पडतं. त्या घटकेपुरता कीर्तनकार माणूस उरत नाही, नारदाची गादी होतो. तात्यांनी खूण केली, "यतीन, आज तूच लाव."

यतीन उठला. ताटलीतली चिमूट घेतली आणि समोर उभा राहिला. तोवर तिचा आवाजच ऐकला होता, चेहरा आता जवळून दिसला. घामानं चमकणारं कपाळ, आणि त्याखाली... तो बघतच राहिला. चिमूट जरा मोठी झाली, आणि उभा पंखा नेमका तेव्हाच त्यांच्याकडं वळला. अर्धा बुक्का कपाळावर, अर्धा डाव्या डोळ्यात!

"अगं आई गं... गेला माझा डोळा!"

"सॉरी, सॉरी! खूप गेलं का?"

"बुक्का लावताय की धुळवड खेळताय?"

मंडळी नामगजरात दंग. ही एक डोळा मिटून मागच्या दारानं विहिरीपाशी आली, तो अपराध्यासारखा मागं. तिनं बोटानं लेन्स काढली. नखाएवढी पारदर्शक वाटी, तिच्या कडेला काळा चुरा.

"याच्याशिवाय तुम्हाला काही दिसत नाही?"

"दिसतं की. सगळं धुकं दिसतं."

"मी पण?"

"तुम्ही उंच धुकं."

तो हसला. ती मात्र पर्स उपसून कपाळाला हात लावत होती. लेन्स धुवायचं सोल्यूशन घरी राहिलं होतं. आतून तात्यांच्या खाकरण्याचा आवाज आला, म्हणजे उत्तररंग सुरू करायचा इशारा.

"पाण्यानं नाही चालणार?" यतीननं विचारलं.

ती घुटमळली. लेन्स घेताना दुकानदार पाण्याबद्दल काहीतरी म्हणाला होता. डबी पिशवीत भरता भरता, घाईघाईत. काय बरं...?

"या विहिरीच्या पाण्यानं रोज रामाला अभिषेक होतो," तो म्हणाला. "रामाला चालतं, मग तुमच्या डोळ्याला नाही चालणार?"

तिनं तळहात पुढं केला. तुम्हीआम्हीही तेच केलं असतं. त्यानं तांब्याच्या तांब्यात पाणी काढलं, तिच्या तळहातावर बारीक धार धरली. तिनं लेन्स धुतली, पापणी ओढून डोळ्यात बसवली. थंडगार वाटलं. धुकं विरलं, आणि समोर एक काळजीत पडलेला चेहरा उभा राहिला, नाकाच्या शेंड्यावर बुक्क्याचा ठिपका घेऊन.

"आता दिसतोय का?"

"दिसताय," ती म्हणाली. "धुक्यातच बरे होतात."

त्या दिवशीचा उत्तररंग वाडीला अजून आठवतो. तेव्हापासून तात्यांनी दर गुरुवार तिलाच देऊन टाकला.

जुना पेटीवाला पुढच्या आठवड्यात बरा झाला, पण रुपालीच्या कीर्तनाला पेटीवर यतीनच बसू लागला. आणि एक शिरस्ता पडला. कीर्तनाआधी ती विहिरीपाशी यायची, तेव्हा कठड्यावर तांब्या भरलेला असायचा. चिंचेनं घासून लखलखीत केलेला. तो धार धरायचा, ती लेन्स धुवायची. तेवढाच काय तो दोघांचा एकांत. तुम्हीचं तू कधी झालं, ते विहिरीलाच ठाऊक.

"तुझी सेवा चालू आहे," तो म्हणायचा.

"नीट धर, बाहीवर सांडतंय."

"बाहीवर सांडलं म्हणून थांबू, की अजून ओतू?"

"मेल्या, आत तात्या आहेत!"

"तात्यांना कमी ऐकू येतं."

"मला कमी येत नाही," तात्या आतून म्हणायचे.

आषाढात कीर्तन संपलं की पाऊस हमखास कोसळायचा. मग ठाकुरद्वारच्या नाक्यापर्यंत एका छत्रीत चालणं आलं. तिचा डावा खांदा त्याच्या उजव्या दंडाला लागायचा, दोघांपैकी कोणीही सरकायचं नाही.

"रुपाली, तुला एक विचारायचंय."

"विचार."

"आत्ता नाही. कोजागिरीला. वाडीच्या गच्चीवर."

"इतके दिवस? आत्ताच सांग ना रे!"

"दूध आटायला वेळ लागतो," तो म्हणाला. "घाई केली की खाली लागतं."

भोईवाड्याला पोचेपर्यंत ती बसमध्ये एकटीच हसत होती, आणि शेजारच्या बाईनं दोनदा वळून पाहिलं.

इथवर झाला पूर्वरंग. उत्तररंग आपल्या रामरायानं तिला असा का दिला, ते मला विचारू नका.

श्रावण लागला आणि रुपालीचा डावा डोळा लाल झाला. वाळू गेल्यासारखा खुपायला लागला.

"डोळे इलेत गो तुझे," आई, म्हणजे कौसल्याबाई, म्हणाल्या. "चाळीत सगळ्यांचेच इलेत." औषधाच्या दुकानातून थेंब आणले. थेंबांनी दोन दिवस बरं वाटलं, मग दुखणं दुप्पट झालं. खिडकीतून उजेड आला तरी सुई टोचल्यासारखं व्हायचं. दिसायला नुसता लाल डोळा, पण दुखणं असं, की रात्रभर उशी चावून काढायची. शेवटी यतीन तिला परळच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेला.

डॉक्टरीणबाई वयानं मोठ्या, बोलायला सरळ. यंत्रात हनुवटी टेकवायला लावून बराच वेळ बघत राहिल्या.

"लेन्स घालून अंघोळ? पोहणं?"

"नाही."

"लेन्सला कधी पाणी लागलंय? नळाचं, टाकीचं, विहिरीचं? नीट आठवून सांगा. यावर पुढचं सगळं अवलंबून आहे."

यतीन शेजारच्या स्टुलावर बसला होता. तिची पर्स मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी धरून. तिच्या दुखऱ्या डोळ्याकडं बघताना त्याच्याच डोळ्यांना धार लागली होती. त्याला काही उमगलं नव्हतं. तो नुसता घाबरलेला होता.

पण रुपालीला उमगलं. एका क्षणात. तांब्या दिसला, धार दिसली, दुकानदाराचं ते अर्धवट वाक्यसुद्धा पुरं आठवलं. आणि तिला वाटलं, आपण 'हो' म्हटलं तर हा मुलगा या स्टुलावरून पुन्हा उठणारच नाही.

"नाही," ती म्हणाली. "सोल्यूशननंच धुते. नेहमी."

डॉक्टरीणबाईंनी मग विषाणूचा संसर्ग धरून औषध दिलं. तसाच दिसत होता तो. त्यांचा काय दोष? त्यांनी विचारलं होतं.

भाद्रपद उजाडला. परळ-लालबागला ढोलांनी भिंती थरथरत होत्या आणि रुपाली खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीला चादर ठोकून, डोळ्याला फडकं बांधून पडली होती. बुबुळावर पांढरी कडी दिसायला लागली, बांगडीसारखी गोल. यतीन रोज यायचा. चादरीआडच्या अंधारात बसून हळू आवाजात तिला गणपतींची वर्णनं सांगायचा. ती ऐकायची, आणि मनात म्हणायची, उद्या सांगेन डॉक्टरांना. उद्या नक्की. पण दर वेळी तपासणीच्या खोलीत तो बरोबर असायचा, आणि ती गप्प बसायची.

मग एक दिवस त्याला ऑफिसनं सोडलं नाही. आई बरोबर आली.

"पुन्हा विचारते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाणी?"

"विहिरीचं," रुपाली म्हणाली. "दर गुरुवारी. चैत्रापासून."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. बुबुळ खरवडून तपासायला पाठवलं. पाण्यात राहणारा जीव निघाला, अमीबा. अभिषेकाला, न्हायला ते पाणी खुशाल वापरावं. लेन्सखाली सापडलं की तोच जीव डोळ्यात घर करतो. मग दर तासाला थेंब. दिवसा आणि रात्रीही. महिनोन् महिने.

"डोळा वाचेल?" आईनं विचारलं.

"डोळा राहील. नजर..." त्यांनी पेन पुन्हा उचललं. "डाग राहणार. सगळं पूर्ण शांत झालं तर दान मिळालेलं बुबुळ बसवून बघता येईल. हमी नाही देत." मग रुपालीकडं वळून म्हणाल्या, "पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर, बाळ..."

आणि त्या थेंबांची नावं लिहायला लागल्या.

"आई, यतीनला कळता कामा नये," रुपाली जिन्यात म्हणाली. कौसल्याबाईंनी मान हलवली. पण आईच ती. तिच्या पोटात किती दिवस राहणार?

पुढच्या गुरुवारी यतीन आला तो तांब्या घेऊन. घासलेला, लखलखीत, वर केळीच्या पानाचा तुकडा बांधलेला.

"काकू, आज रामाला अभिषेक घालून तीर्थ आणलंय. तिच्या डोळ्याला नुसतं बोट लावतो, बरं वाटेल." आणि त्यानं पानाखाली बोट बुडवलं.

"नको! तां पाणी नको, झिला!" कौसल्याबाईंचा आवाज अख्ख्या मजल्यानं ऐकला. "त्याच पाण्यान तिचो डोळो गेलो!"

यतीन तांब्या हातात घेऊन उभा होता. तो कुठं ठेवावा, हेच त्याला कळेना. जमिनीवर ठेवता येईना, तीर्थ होतं. हातात धरवेना. शेवटी तसाच घेऊन जिना उतरला. पाणी त्यानं वाटेत कुठं ओतलं की नाही, कोणास ठाऊक.

आठवडाभर तो फिरकला नाही. आला तेव्हा दुपार होती, चादरीच्या फटीतून उजेडाची एक रेघ जमिनीवर पडली होती. दाढी वाढलेली, आवाज बसलेला.

"डॉक्टरांशी बोलून आलो. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं. मी तिथंच होतो, रुपाली. तू खोटं का बोललीस?"

"तू पर्स धरून बसला होतास," ती म्हणाली. "अशी... दोन्ही हातांनी. मला नाही जमलं रे."

तो भिंतीला टेकून खाली बसला.

"ऐक. मलाही एक सांगायचंय." ती चाचपडत उठली, खुंटीवरची पर्स काढली, आतून सोल्यूशनची बाटली काढून त्याच्यासमोर ठेवली. "दुसऱ्या गुरुवारपासून ही माझ्याजवळ होती. दर वेळी. मी काढलीच नाही."

"का?"

"काढली असती, तर तू धार कशाला धरली असतीस?"

मंडळी, प्रेमाची कबुली याहून वेगळी कशी असते, मला माहीत नाही. तो रडला. तिला रडायची मुभा नव्हती, नुकतेच थेंब घातले होते.

मग तो पुढं सरकला, तिचा हात हातात घेतला. "रुपाली, माझ्याशी लग्न कर. जन्मभर बघेन तुझ्याकडं. थेंब घालेन, डॉक्टरकडं नेईन, तुला काही करू देणार नाही. एवढं मला करू दे. मला दुसरं काही नको."

"कोजागिरी अजून लांब आहे," ती हळूच म्हणाली. "दूध आटायच्या आधीच आलास?"

त्यानं तिचा हात आणखी घट्ट धरला.

"यतीन, माझ्याकडं बघ. नाही, असं नाही. उजव्या डोळ्याकडं बघ."

त्यानं प्रयत्न केला, अगदी मनापासून. पण त्याची नजर पुन्हा पुन्हा त्या पांढऱ्या डागावर जाऊन बसत होती, जखमेवर माशी बसावी तशी. त्याचं त्यालाच कळलं. त्यानं मान खाली घातली.

"छत्रीत जो विचारणार होता ना, त्याला मी हो म्हटलं असतं," रुपाली म्हणाली. "त्यानं नुसती मान वर केली असती तरी हो म्हटलं असतं. पण आज तू लग्न मागत नाहीयेस रे... प्रायश्चित्त मागतोयस. हो म्हटलं तर तू जन्मभर थेंब घालशील. आणि बघशील फक्त डागाकडं. मला सेवेकरी नको होता. तू हवा होतास."

"मी तोच आहे."

"मग हस एकदा. उंच धुकं म्हटल्यावर हसला होतास, तसा."

त्याला हसता आलं नाही. तिलाही.

दाराशी जाऊन तो थांबला. "आजोबांची पेटी देवळातच ठेवतो. तुला लागेल." एवढंच म्हणाला. कौसल्याबाई ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या. पदर तोंडात होता.

दिवाळीनंतर त्यानं पुण्याला बदली मागून घेतली. तात्यांना नमस्कार करायला आला तेव्हा तात्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "चष्मा काढ असं मी सांगितलं होतं तिला," ते म्हणाले. "दोष वाटायचाच असेल तर आधी माझ्या ताटात वाढ." पण त्यानं सगळा आपल्याच ताटात वाढून घेतला होता, आणि एकटाच जेवत बसला होता.

रुपाली आता पुन्हा कीर्तन करते. चष्मा लावते, दोरीनं मानेमागं बांधलेला. हनुमंतानं कितीही उड्या मारल्या तरी हलत नाही. उजव्या डोळ्यानं देव दिसतो, श्रोते दिसतात. डाव्या डोळ्यासाठी दान मिळालेल्या बुबुळाची वाट बघतेय, तिची पाळी अजून यायची आहे. मध्यंतरी बुक्क्याची ताटली आली की ती आधी स्वतः चिमूट घेते, एक पाऊल डावीकडं टाकते आणि पेटीच्या लाकडाला बुक्का लावते. मग आपलं कपाळ पुढं करते. पेटीवर हल्ली दुसराच कोणी बसतो, चांगला वाजवतो. ती त्याच्याकडं बघत नाही. डावीकडचं बघायचं तर तिला मान वळवावी लागते, आणि ती वळवत नाही. त्या बाजूला कोण बसलंय, हे तिनं ठरवून टाकलंय.

तर मंडळी, कुठंही कीर्तनाला बसाल आणि मध्यंतरी बुक्क्याचा तो वास येईल, तेव्हा एवढं करा. रुपालीची काळजी नको, ती गातेय, तिचा सूर तिला धरून आहे. तुम्ही यतीनला आठवा. चिंचेनं तांब्या घासून धार धरणाऱ्या त्या मुलाला. तुझा दोष नव्हता रे, असं मनातल्या मनात म्हणा. त्याला ऐकू जाणार नाही. तरी म्हणा.